खोळीतली बाई

१

सिएस्ता, दुपारची झोप, संपली तेव्हा माझ्या भावाच्या चपला पुतळ्यामागे होत्या, आणि भाऊ नव्हता.

चपला जोडीने ठेवलेल्या होत्या, पलंगाखाली ठेवाव्यात तशा. बोटं चौथऱ्याकडे, टाचा रस्त्याकडे. मी एक उचलली आणि लगेच टाकली, एवढी ती तापली होती. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, आमच्या रेसिस्तेन्सिया गावात दुपारी एक ते पाच रस्त्यावर कुत्रंही नसतं. असतात ते फक्त पुतळे. एका दारात संगमरवरी घोडा, दुसऱ्या दारात लोखंडी मासा, तिसऱ्या दारात पोटुशी बाई. ज्याच्या दारात जो, त्याने त्याला आंघोळ घालायची, त्याच्या खांद्यावरची पाखरं हाकलायची.

माझा भाऊ आन्सेल्मो दगड घडवतो. यंदा त्याचा पुतळा आमच्याच आळीत आला होता, माझ्या घरापासून तिसऱ्या दारात, सेन्योर बोर्दोन यांच्यासमोर. कारंज्याचा पुतळा. शनिवारी अनावरण, तोवर पांढऱ्या खोळीत. खोळीची गाठ ज्याने पुतळा घडवला त्यानेच बांधायची आणि त्यानेच सोडायची. मधल्या दिवसांत तिला कोणी हात लावत नाही. आमच्या आळीत तर तिच्याकडे धड बघतही नाहीत. आतला दगड अर्धा जागा असतो, त्याला श्वास हवा असतो, आणि आधी डोकावेल त्याचाच तो घेतो, हे आम्ही आईच्या कुशीत ऐकलेलं.

त्या गुरुवारी अडीचच्या सुमाराला मी अंथरुणात होते. झोप नव्हती. बाहेरून शीळ आली. बारीक, लांब, न तुटणारी. माणसाचा दम एवढा पुरत नाही. मी चादर तोंडावर ओढली. चाळिशी उलटलेली बाई मी, चिपा, चीजचे छोटे पाव, भाजून विकणारी, भट्टीत कोपरापर्यंत हात घालणारी. पण ती शीळ ऐकली आणि आईचं गाणं आपोआप ओठांवर आलं.

ऊन उभं दारात, सावली निजली,
सोनकेशा पोराने शीळ वाजवली.
पाय नको काढू बाळा, उंबऱ्याच्या पार,
शीळेमागे गेलेल्याला नाही घरदार.

सिएस्तात उन्हातून हिंडणारा तो सोनेरी केसांचा यासी यातेरे मुलांना नेतो म्हणतात. पन्नाशीच्या दाढीवाल्यांना नेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

सहा वाजेपर्यंत आळी जमली. कोणी हाका मारत होतं, कोणी विहिरीत वाकून बघत होतं. मी चपला छातीशी धरून चौथऱ्यापाशी उभी होते. तेवढ्यात खोळीच्या आतून आवाज आला.

टक. टक टक.

सगळी माणसं एकदम मागे सरकली. मीही. माझ्या भावाची शपथ, मीही.

२

"गिळला," समोरची म्हातारी म्हणाली. "दगडाने बापालाच गिळला."

पुन्हा टकटक झाली. बायांनी छातीवर क्रूस काढले. कोणी मेणबत्त्या आणल्या, कोणी नवसाच्या लाल फिती. खोळीपासून पाच पावलांवर मेणबत्त्यांची रांग लागली, आणि त्या रांगेच्या आत कोणी पाय टाकला नाही. खोळ शिवणारी देल्फीनाही आली होती. तिच्या हातातली मेणबत्ती कलली होती, मेण तिच्याच मनगटावर गळत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

ठाण्यावरून हवालदार आला. त्याने रांगेच्या बाहेरूनच पाहिलं.

"बाई, बेचाळीस डिग्रीत शहाणा माणूस काय करतो? पूल ओलांडून पलीकडे कोरिएन्तेसला जातो, नदीकाठी थंड बियर पितो."

"चपला इथे टाकून?"

"नव्या घेतल्या असतील."

"आणि ही टकटक?"

हवालदाराने टोपी सारखी केली. "उन्हाने दगड तडकतो," तो म्हणाला, आणि जाताना त्यानेही हळूच क्रूस काढलाच.

शुक्रवारी सकाळी मी दोन्या एर्मेलिंदाकडे गेले; वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. एकतीस वर्षं ही बाई गावातले पुतळे धुतेय, सांधतेय, तुटलेली नाकं चिकटवतेय. तिच्याएवढं पुतळ्यांना जवळून कोणी पाहिलेलं नाही. आणि देवाला सोडून ती कोणाला भीत नाही. देवाचंही नाक एकदा तिनेच बसवलंय.

"रडून झालं असेल तर चल," ती म्हणाली. बादली घेतली, ब्रश घेतला, आणि माझ्या पुढे चालू लागली.

चौथऱ्यामागे तिने माझ्याकडून चपला घेतल्या. "कुठे होत्या, कशा होत्या, तशाच ठेव." मी ठेवल्या. दहा वाजले होते, फरशी आताच भाजत होती.

"आता तुझ्या काढ आणि चाल."

"दोन्या, पाय भाजतील!"

"चार पावलं चाल म्हणते ना."

मी दोन टाकली आणि किंचाळत गवतावर उडी मारली.

"दहा वाजता ही गत," एर्मेलिंदा म्हणाली. "काल अडीचला काय असेल? या गावात जन्मलेला माणूस जानेवारीत उन्हात चपला काढतो का? काढतो, पुढचं पाऊल सावलीत पडणार असेल तरच. तुझा भाऊ या चपलांपासून एका पावलापलीकडे गेलेला नाही, पोरी."

"म्हणजे हवेतून नेला?"

"किंवा नेलाच नाही."

चौथऱ्याच्या तळाशी, फरशीच्या फटीवर, पिवळ्या फुलपाखरांचा थवा बसला होता. समोरची म्हातारी दारातून ओरडली, "आत्मा आहे त्याचा! हात नका लावू!"

"फुलपाखरं आत्म्यासाठी येत नाहीत, मावशी," एर्मेलिंदा म्हणाली. "ओलीसाठी येतात." तिने वाकून फटीत बोट घातलं. बोट ओलं झालं. "पण पाणी तर शनिवारी सोडायचंय."

तेवढ्यात आतून टकटक आली. कालच्यापेक्षा हळू. टक. मग खूप वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा, टक.

३

सेन्योर बोर्दोन कोर्टात कारकून होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून दारात आलेल्या माणसाकडे ते अर्ज अपुरा असल्यासारखं बघतात. दाराची फट चार बोटं उघडली.

"मला पुतळा नकोच होता. तीनदा लिहून दिलंय."

"का नको होता?" एर्मेलिंदाने विचारलं.

"माझी गाडी कशी काढू? तिच्या ढुंगणाला घासून?" मग त्यांना माझं तोंड दिसलं. "माफ करा, नेलिदा. तुमच्या भावाशी माझं वैर नाही. भांडण होतं. वैर आणि भांडण यात फरक असतो."

"भांडण कशावरून?"

"पंपावरून! कारंज्याचा पंप म्हणे माझ्या अंगणात खड्डा खणून बसवणार. मी म्हटलं, माझ्या अंगणात माझी आई पुरलेली नाही तर तुमचा पंप कसा पुरू देऊ? मग गेल्या आठवड्यात त्याने काय खटपट केली ते त्यालाच माहीत. तीन दिवस विटा आणत होता."

"काल दुपारी काही ऐकलंत?"

बोर्दोन यांचा आवाज खाली आला. "शीळ ऐकली. तुम्ही हसाल."

"मी हसत नाही."

"ती भिंतीतून आली. माझ्या न्हाणीघराच्या भिंतीतून. नळाला हात लावला तर नळ थरथरत होता. मी तसाच कपडे घालून गादीवर बसून राहिलो. चार वाजेपर्यंत." त्यांनी फट दोन बोटांवर आणली. "आणि आता ती टकटक. तुम्ही म्हणता मी माणूस मारला. अहो, मला झुरळ मारायला बायकोला उठवावं लागायचं."

"असं कोणी म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"अख्खी आळी म्हणतेय. दाराला कान आहेत माझ्या." आणि फट मिटली.

रुफिनो उद्यानात, दगड घडवायच्या शेडमध्ये होता. आन्सेल्मोचा जुना शिष्य, आता त्याचा सगळ्यात मोठा निंदक. वाळक्या पाल्यावर बर्फाचं पाणी ओतून तेरेरे पीत बसला होता, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आली सासू पुतळ्यांची," तो एर्मेलिंदाला म्हणाला. मला पाहून उठला, पेला पुढे केला. "ताई, पी. ओठ फुटलेत तुझे."

"तू म्हणत फिरतोस की पुतळा तुझ्या चित्रावरून चोरला," मी म्हटलं. पेला घेतला नाही.

"चोरलाच. कंबर माझी, पाण्यात उभं राहणं माझं. पण चेहरा माझा नाही. माझ्या चित्रात बाईला चेहराच नव्हता, केसांनी झाकलेला. गेल्या महिन्यात गुरुजींच्या डोक्यात काय शिरलं! चेहरा कोरायला घेतला आणि मला शेडबाहेर काढलं. मला! अकरा वर्षं ज्याने त्याचं पाणी भरलं, छिन्न्यांना धार लावली, त्याला पडद्याबाहेर. आणि खोळवाली आली की, ये देल्फीना, बस देल्फीना, माप घे देल्फीना. खोळीचं माप घ्यायला चार दुपारी लागतात का, दोन्या, तुम्हीच सांगा."

"तो चेहरा कोणी पाहिलाय?"

"तो, ती आणि ती दगडी बाई." रुफिनो हसला, मग त्याचं हसू गेलं. "तो सापडेल ना? मी त्याला शिव्या देतो, पण तो नसला तर देऊ कोणाला?"

बाहेर पडताना एर्मेलिंदाने मला विचारलं, "तुझा भाऊ शनिवारी आला नाही, तर काय होईल?"

"काय होणार? गाठ कोण सोडणार? खोळ तशीच राहील."

"किती दिवस?"

"तो येईपर्यंत." मी रस्त्यातच थांबले. "दोन्या, कोणाला तो नकोसा झाला नव्हता. कोणाला तरी पुतळा उघडलेला नको होता."

तिची पावलं वाढली.

४

देल्फीनाचं दार ठोठावलं तर आतून "कोण?" आलं. मी नाव सांगितलं. पुन्हा "कोण?" पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा एर्मेलिंदा म्हणाली, "अगं, पुतळे धुणारी म्हातारी," तेव्हा दोन कड्या निघाल्या.

सात वर्षं ही बाई आमच्या आळीच्या टोकाला राहते. गावातल्या सगळ्या पुतळ्यांच्या खोळी हीच शिवते. तिच्या घरात मी पहिल्यांदाच आले. पडदे ओढलेले. भिंतीवर एकही फोटो नाही, आरसासुद्धा नाही. शिवणयंत्र अशा जागी की बसलं की पाठ भिंतीला आणि तोंड दाराला.

तिने मला लिंबू घातलेलं पाणी दिलं. "नेलिदा, काही कळलं का गं?" विचारताना तिच्या डोळ्यांखालची कातडी राखेसारखी दिसत होती.

"टकटक कमी होत चाललीय," मी म्हणाले.

तिच्या हातातली कात्री खाली पडली. तिने ती उचलली नाही.

एर्मेलिंदा खुर्चीवर बसून खोळींचे गठ्ठे चाचपत होती. "छान शिवतेस. मुडप केवढी ठेवलीस ही! हातभर."

"पुढच्या वर्षी पुतळा उंच आला तर उसवून लांब करता येते. कापड वाया जात नाही."

"आणि लांबी कुठपर्यंत ठेवतेस?"

"पुतळ्याच्या पायांपर्यंत." देल्फीनाने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं पलीकडच्या काठावरच्या माणसाकडे बघतात. मग एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, "चौथरा नेहमी उघडा ठेवायचा असतो. त्याच्यावर पाटी असते ना, नावाची. ती लोकांना वाचता आली पाहिजे."

एर्मेलिंदा उठली. निरोपही न घेता बाहेर पडली. मी तिच्या मागे धावले. डोक्यावर ऊन ओतत होतं, एक वाजून गेला होता, दारं मिटलेली, रस्ता पांढरा. ती मधेच थांबली आणि माझा दंड धरला.

"नेलिदा, त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"पुतळ्याचं नाव. त्याचं नाव."

"तू काल संध्याकाळपासून तिथे उभी आहेस. वाचलीस?"

मी आठवून पाहिलं. मेणबत्त्या आठवल्या. लाल फिती. पांढरं कापड, वरपासून खालपर्यंत. अगदी फरशीपर्यंत.

"नाही," मी म्हटलं. "पाटी दिसतच नव्हती."

आम्ही धावलो. चौथऱ्यापाशी पोचलो तेव्हा फुलपाखरं उडून गेली होती आणि आतून काहीच येत नव्हतं.

५

एर्मेलिंदाने खोळीला कान लावला. मग खाली बसली आणि कापडावरून बोट फिरवलं. फरशीपासून हातभर उंचीवर आडवी घडी होती. घडीच्या वर कापड धुळीने पिवळट, खाली कोरं पांढरं. फरशीच्या खाचेत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे पडलेले.

"मुडप इथे बसून उसवलीय," ती म्हणाली. "पुतळा उभा राहिल्यानंतर. कोणाला तरी चौथरा झाकायचा होता. अंगणात जागा मिळाली नाही म्हणून तुझ्या भावाने पंप कुठे बसवला असेल? तीन दिवस विटा आणून त्याने चौथरा पोकळ बांधला. आत पंप, आत सावली, आत ओल. चपला काढून माणूस कुठे जाईल?"

"आणि शीळ?"

"आतून त्याने पाण्याची चावी उघडली. रिकाम्या नळीत पाणी घुसलं की हवा शीळ घालते. बोर्दोनच्या भिंतीतून तीच नळी जाते. तुम्ही सगळे खरं बोलत होता, पोरी. दगडाने त्याला गिळलंय असं सांगत होता. फक्त बघितलं कोणी नाही."

मी खोळीकडे हात नेला आणि माझा हात थांबला.

मला माहीत होतं आत काय आहे. तरीही थांबला. चाळीस वर्षांची भीती मनगटात बसलेली असते, डोक्यात नाही. मागे दारं उघडल्याचे आवाज आले. म्हातारी ओरडली, "नेलिदा! श्वास घेईल तो तुझा!" बोर्दोन फटीतून म्हणाले, "अनावरण झालेलं नाही, नियमाप्रमाणे..." कोणीतरी माझा परकर मागून ओढला.

"मग माझा घेऊ दे!" मी ओरडले आणि खोळ उचलली.

मागच्या बाजूला लोखंडी झडप होती, गुडघ्याएवढी. कडी बाहेरून पडलेली. कडी इतकी तापलेली की माझ्या बोटांची साल तिला चिकटली. दार उघडलं आणि आतून ओली, सडकी, गार हवा तोंडावर आली. मी अंधारात हात घातला. आधी पाणी लागलं. मग पाऊल.

पाऊल थंड होतं.

मी ते दोन्ही हातांनी धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, आणि काय म्हणत होते ते मला आजही आठवत नाही. लोक म्हणतात, मी अंगाई म्हणत होते.

मग अंगठा हलला.

६

डोक्याला खोक पडली होती, घसा बसला होता, पण घोटाभर पाण्याने त्याला वाचवलं. इस्पितळात त्याने हवालदाराला कुजबुजत सांगितलं, "पंप बघायला शिरलो. झडप आपोआप लागली. डोकं नळीवर आपटलं. घशातून आवाज निघेना, म्हणून पान्याने ठोकत होतो."

"आणि कडी?"

"तीही आपोआप."

हवालदाराला एवढंच हवं होतं.

मला नव्हतं. मी आणि एर्मेलिंदा देल्फीनाकडे गेलो तेव्हा दाराला कडीच नव्हती. ती पलंगावर बसली होती, पायाशी एक पिशवी भरलेली.

"जिवंत आहे?"

"आहे." मी तिच्यासमोर उभी राहिले. माझी भाजलेली बोटं ठणकत होती. "का? त्याने तुझं काय वाकडं केलं होतं?"

"माझा चेहरा कोरला."

मी हात उगारला होता. तो तसाच राहिला.

"तुला भाऊ आहे, नेलिदा. मला नवरा आहे. दोन गावांत त्याने मला शोधून काढलं. दुसऱ्या गावात त्याने मला शोधलं ते वर्तमानपत्रातल्या जत्रेच्या फोटोवरून, गर्दीत माझं तोंड नखाएवढं होतं." तिने ब्लाउजची बाही वर केली, जुने वण दिसले, आणि परत खाली ओढली. "देल्फीना हे माझं नाव नाही. शनिवारी टीव्हीवाले येणार. आणि पुढे शंभर वर्षं मी तिथे उभी, दोन माणसं उंच, पळून न जाता येणारी. मी आन्सेल्मोच्या पाया पडले. तो म्हणाला, तू घाबरतेस तशी ती घाबरत नाही, बघ तरी. त्याला वाटत होतं तो मला काही देतोय."

"आणि तू त्याला गाडलंस."

"तो आत होता, हसत होता. म्हणाला, उद्या सकाळी चेहऱ्यावरची धूळ पुसून लोकांच्या आधी तुला दाखवतो. मला फक्त ते हसणं बंद करायचं होतं. मी झडप ढकलली. कडी पडली. आतून आपटल्याचा आवाज आला आणि हसणं थांबलं. मला वाटलं मेला." ती आपल्या हातांकडे बघत होती. "मी तिथे बसून मुडप उसवली. बोटं आपोआप चालत होती. मग शीळ आली. मग संध्याकाळी टकटक. मेणबत्ती घेऊन मी रांगेत होते. मनात म्हणत होते, कोणीतरी खोळ उचला. या एवढ्या माणसांत कोणीतरी उचला. माझ्याने होत नव्हतं. पण तुम्हाला तर कशाची भीती होती?"

मीही रांगेतच होते.

"ठाण्यावर नाव लिहिलं की ते नाव गावोगाव जातं," एर्मेलिंदा खिडकीकडे बघत म्हणाली. "एवढं लक्षात घे आणि मग तुला हवं ते कर, पोरी."

मी इस्पितळात परतले. आन्सेल्मो जागा होता. मी त्याला सगळं सांगितलं, बाहीसुद्धा. तो छताकडे बघत राहिला. डोळ्यांतलं पाणी दाढीत शिरलं.

"चेहरा फोडून टाक," मी म्हटलं. "दोन घाव. मी छिन्नी आणते."

"माझ्याने होणार नाही."

"तिच्या जिवापेक्षा तुला तुझा दगड मोठा?"

"दगड नाही गं. तिच्यावर घाव कसा घालू? तिच्यावर आधीच कोणीतरी घातलेत." मग त्याने विचारलं, "शनिवारी मी आलो नाही तर गाठ कोण सोडेल?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण तो बोलून चुकला होता.

७

शनिवारी टीव्हीवाले आले, वाट पाहून गेले. आन्सेल्मो पहाटेच डोक्याला पट्टी बांधून पूल ओलांडून गेला होता. आता कोरिएन्तेसच्या बाजूला एका नावाड्याच्या खोलीत राहतो, थडग्यांवरची अक्षरं कोरतो. वर नाव लावत नाही. दर रविवारी मी चिपा घेऊन जाते. या काठावर तो पाऊल ठेवत नाही. ठेवलं तर लोक म्हणतील, आलास, आता सोड गाठ.

खोळ अजून आहे. पावसाने करडी झालीय. बोर्दोन तिला डोळे मिटून झटकतात आणि रोज कुरकुरतात. रुफिनो येता-जाता तिला शिवी देतो आणि थांबतो. देल्फीना आळीच्या टोकाला आहे. मी तिच्याशी बोलत नाही. पण तिच्या दारासमोरून जाताना हळू चालते आणि मोठ्याने खोकते, म्हणजे तिला कळावं की मीच आहे.

गेल्या महिन्यात, भर सिएस्तात, मी पाण्याची बाटली आणायला ओसरीवर आले तर खोळीसमोर एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. रस्त्यावर दुसरं कोणी नाही. तो खोळीकडे सरळ बघत होता, आमच्यापैकी कोणी बघत नाही तसं.

"नमस्कार, बाईसाहेब," तो म्हणाला. आवाज मऊ. "हिला झाकून का ठेवलंय?"

"शिल्पकार आला नाही. त्याच्याशिवाय उघडत नाहीत."

"फार सुंदर बाई कोरलीय असं ऐकलं. कुणाच्या तरी तोंडावळ्याची." तो हसला. "मला थांबायला वेळ आहे. कधी येईल तो?"

माझे पाय अनवाणी होते आणि मला फरशीचा चटका लागत नव्हता.

"माझा भाऊ होता," मी म्हटलं. "मेला."

तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मीही बघितलं. मग त्याने टोपी छातीशी धरली, क्रूस काढला.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

मी मान खाली घातली आणि भावाच्या नावाने म्हटलं, "आमेन."